एकशे वीस अंशांची फळी

शुक्रवारी त्याची नोकरी गेली. पण तूर्तास ते झालंच नाही असं समजू. सोमवारी तो नोकरीवर होता, आणि पोरगा कायम झाला असं त्याची आई सगळ्या नातेवाइकांना सांगून मोकळीही झाली होती.

कायम होण्याच्या आड एकच गोष्ट होती: फळी. रुग्णवाहिकेतल्या स्ट्रेचरची, कार्बनच्या धाग्यांची. चिकट कापडाचे थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचायचे, एकशे वीस अंशांवर भट्टीत भाजायचे, की लोखंडाने मान खाली घालावी अशी फळी तयार. कुठला थर कुठल्या दिशेला, हे शोधायला त्याने कॉम्प्युटर जुंपला होता.

"अजून हलकी कर," साहेब म्हणाले.

"साहेब, वरच्या अर्ध्यात जे थर, तेच खालच्या अर्ध्यात उलट्या क्रमाने लागतात. तशी अट घातलीय."

"कोणी?"

"मीच."

"मग काढ की! तू काय परका आहेस?"

त्याने अट काढली. कॉम्प्युटरने लगेच खालचा एक थर उडवला आणि पडद्यावर 'सर्वोत्तम' असं लिहून दिलं. त्याच्या वाट्याला हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. त्यामुळे त्याने फार खोलात जायचं टाळलं.

भट्टीतून फळी निघाली ती आरशासारखी सपाट. निवायला लागली तसा मात्र तिचा एकेक कोपरा वर येत गेला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिची पन्हळ झाली. वरखालचे थर आता जोडीचे राहिले नव्हते. थंड होताना जो तो आपापल्या दिशेने आक्रसला होता, वाटणीला बसलेल्या भावांसारखा.

"वर वजन ठेव काहीतरी!" साहेब फोनवर ओरडले.

"ठेवलंय साहेब. मीच बसलोय."

"मग?"

"मलाही कुशीत घेतेय."

भट्टीवाल्या काकांनी भंगारात टाकण्याआधी शेवटची ऊब म्हणून फळी पुन्हा भट्टीत सारली. बाहेर काढली, तर सपाट!

साहेबांचा चेहरा उजळला. "झालं तर! गरमागरम दाखवायची. तपासायला येणाऱ्या बाई मोजपट्टी लावतील, सही करतील, जातील."

गुरुवारी रुग्णालयाच्या तपासनीस बाई आल्या. फळी टेबलावर धग सोडत होती.

"हात लावू नका हं, ताजी आहे," साहेब म्हणाले.

बाईंनी लांबूनच पट्टी टेकवली. सपाट. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. त्याने सहीची जागा बोटाने दाखवली. आणि तेवढ्यात साहेबांना माणुसकी सुचली.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!"

"साहेब, बाईंना घाई असेल," तो कळवळून म्हणाला.

"अरे, चहाला कसली घाई?"

चहा आला. साहेबांनी आपला कप ऐटीत फळीवरच ठेवला. आधी तो उकळला. मग जरा शांत झाला. मग चालू लागला.

"तुमचं टेबल हलतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही, फळी," तो म्हणाला. खोटं बोलायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

कप साहेबांच्या मांडीवर उतरला. फळीने चारही कोपरे उचलून आळोखेपिळोखे दिले.

"ही फक्त भट्टीत सपाट असते," बाई सावकाश म्हणाल्या. "पेशंट भट्टीत नसतो हो."

"अजून नसतो," काका म्हणाले.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

शुक्रवारी आईचा फोन आला. "काय रे, मावशी विचारतेय, पत्र मिळालं का?"

"मिळालं," तो म्हणाला. पत्र खरंच मिळालं होतं; कसलं, ते तिने विचारलं नाही. आई लगेच मावशीला कळवायला धावली.

आता तिला खोटं पाडायचं नसेल तर उपाय एकच होता. त्याने टेबल आवरायच्या आधी अर्ज लिहिला:

"मा. व्यवस्थापक यांस, सदर फळीच्या रचनेत दोष नसून दोष हवेत आहे. तरी रुग्णवाहिका, रुग्णालय व शक्य झाल्यास संपूर्ण शहराचे तापमान एकशे वीस अंशांवर स्थिर ठेवण्याची व्यवस्था व्हावी, आणि तोपर्यंत अर्जदारास सेवेत कायम ठेवावे, ही नम्र विनंती."