जिभाऊची ऑनलाइन पंगत

जिभाऊ ऑनलाइन लेक्चरमधून कधीही आधी उठायचा नाही. सरांच्या तोंडून ‘थँक यू’ पूर्ण बाहेर पडायच्या आत आम्ही सगळे गायब झालेले असायचो. जिभाऊ मात्र पडद्यावरून शेवटचं नाव जाईपर्यंत मांडी घालून बसलेला. कोणी विचारलं की म्हणायचा, “पंगतमाईन कोणी आधी उठस का?” पंगतीतून कोणी आधी उठतं का, एवढंच त्याचं म्हणणं. पण ते तो अशा चेहऱ्याने म्हणायचा की आपण खरकट्या हाताने पळालो असं वाटावं.

जिभाऊ हे खरं तर खानदेशात मोठ्या माणसाला म्हणतात. हा पाळण्यात असल्यापासूनच जिभाऊ. इकडे गुजरातेत, डिंडोलीत, आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. तो मराठी शाळेतला, मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे आमची ओळख झाली ती थेट कॉलेजात, आणि तीही मान हलवण्यापुरती. मग लॉकडाउन लागलं आणि जिभाऊ माझ्या फोनमध्ये राहायला आला.

त्याचा आवाज फार मोठा. वडील भेस्तानला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, तिथल्या खडखडाटात कान अर्धे गेलेले. घरात मीठ मागायचं तरी ओरडूनच मागायची सवय. तोच आवाज घेऊन तो बीकॉमच्या वर्गात आला. फोनचा माइक तोंडाशी धरायचा आणि विचारायचा, “आवाज ई ऱ्हायना का?” आवाज येत नाही असं कधी कोणी म्हणालं नाही. मला तर तो फोनमधून आणि खिडकीतून, दोन्हीकडून यायचा.

वर्गात तो पाहुण्यांना बोलवावं तसं वागायचा. पडद्यावर नवीन नाव आलं की “या, या, बसा.” कोणाचं नेट गेलं की “येईल, पाणी प्यायला गेली असेल.” अकाउंट्सचे सर गुजराती, अतिशय सौम्य. ते म्हणायचे, “जिभाऊ, म्यूट था ने, भाई.” यावर तो एकदा त्यांच्याच भाषेत म्हणाला, “सर, बधा म्यूट थई जाय तो तमने खबर केम पडे के अमे जीवता छीए?” सगळेच गप्प बसले तर आम्ही जिवंत आहोत हे तुम्हाला कळणार कसं. सरांनी घसाऱ्याचं गणित पुढे चालू केलं आणि जिभाऊला पुन्हा कधी म्यूट व्हायला सांगितलं नाही.

आता तो पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या दुकानात बसतो. तिथे “या, बसा” म्हणायचा त्याला पगार मिळतो. खूश असतो.

पण मला सांगायची आहे ती त्या वेळची एक दुपार. तेव्हा आम्ही बहुतेक जण चादरीतून शिकत होतो. लेक्चर लावायचं, कॅमेरा बंद करायचा आणि फोन उशीजवळ ठेवून झोपायचं. रात्री झोप येत नसे, दिवसा जाग येत नसे. आई दारातून विचारायची, “जेवनी का?” मी म्हणायची, “नंतर.” बरेच दिवस माझं बोलणं तेवढंच होतं. कोणी काही विचारेल म्हणून मी माइकला हातही लावत नसे.

त्या दुपारी मला जाग आली ती वाटीच्या आवाजाने. उशीजवळच्या फोनमधून येत होता. सर नेहमीप्रमाणे निघून गेले होते. जाताना मीटिंग बंद करायची असते हे त्यांना कधीच कळलं नाही. पडद्यावर दोनच चौकोन उरले होते. एकात काळ्यावर माझं नाव आणि दुसऱ्यात जिभाऊ, समोर ताट घेऊन. मी मीटिंगमध्येच झोपले होते, म्हणून तो उठला नव्हता.

तो माझ्या नावाशी बोलत होता. त्याच्या मानाने अगदी हळू.

“आज वरणमा मीठ जास्त पडनं,” तो म्हणाला. “बठ्ठा गावले गयात ना. लूम बंद, मंग आठे काय करतीन. गावले नेट नही, म्हनीसन मी ऱ्हायनू.”

लूम बंद पडल्यामुळे त्याच्या घरचे सगळे गावी गेले होते. गावाला नेट नाही म्हणून परीक्षेसाठी हा एकटाच खोलीवर राहिला होता, आणि मागच्या गल्लीत असून मला ते माहीत नव्हतं.

“झोपनी व्हशी तरी चाली,” तो भाकरी मोडत म्हणाला. “नाव तर दिखस ना.”

झोपली असलीस तरी चालेल, नाव तर दिसतंय. माझं बोट बाहेर पडायच्या लाल बटणावर होतं. ते मी उचललं.

पण पुढे काय करायचं ते सुचेना. इंग्रजीत बोलले असते तर तो सावरून बसला असता. गुजरातीत ते कॉलेजचं वाटलं असतं. आणि अहिराणी मी घराबाहेर कधी काढलीच नव्हती. शेवटी स्वयंपाकघरात गेले आणि ताट वाढून घेतलं. आई बघतच राहिली. मी खोलीत येऊन फोन भिंतीला टेकवला, माइक चालू केला आणि त्याच्याजवळ बिबडी, म्हणजे आमचा खानदेशी पापड, कडकन मोडली.

जिभाऊचा घास हातातच राहिला. मग पडद्यावरून त्याचा चेहरा गेला आणि कान आला, पूर्ण पडदाभर.

“बिबडी शे,” कानाजवळून आवाज आला. “जवारीनी. तेलमा तळेल नही, भाजेल शे.”

मी दुसरा तुकडा मोडला.

कान बाजूला झाला. जिभाऊने मांडी सारखी केली, ताट जवळ ओढलं आणि वरणात भाकरी कुस्करायला घेतली. सावकाश, संपवायची काहीच घाई नसल्यासारखं.