प्रितेश शेठच्या विटांचा तपास

"डहाणू तालुक्यात गुन्हा करून रामनाथ चुरीच्या नजरेतून सुटलेला माणूस अजून जन्माला यायचाय," असं रामनाथ चुरी स्वतःच सांगतात. त्यांची नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी देवाने सवडीने दिलेली, हेही तेच सांगतात, कारण दुसरं कोणी सांगत नाही. वाणगाव स्टेशनसमोरच्या दुकानावर त्यांची पाटी आहे: 'गुप्तहेर रामनाथ चुरी. गुन्हे, गूढ व झेरॉक्स.' यातलं झेरॉक्स मी बघतो. मी मनिष, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन्ही घरं झेरॉक्सवर चालतात. पाटीवर माझं नाव का नाही, एवढं एकच गूढ त्यांनी अजून हातात घेतलेलं नाही.

जीएसटी आला त्या वर्षीच्या डिसेंबरात प्रितेश शेठनी आम्हाला बोलावलं. रानशेतच्या रस्त्याला त्यांचा चिकूचे चिप्स बनवायचा छोटा कारखाना. सात-आठ बायका गोणपाटावर गोल बसून चिकू सोलायच्या, कापायच्या, गप्पा मारायच्या. मग मुंबईच्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर येऊ घातली आणि त्यांनी अट घातली: जमिनीवर बसून काम नको, हात धुवायला बेसिन हवं, शनिवारी आमचा माणूस बघायला येईल.

शेठ वापीला 'बदलाचं व्यवस्थापन' या विषयावर एक दिवसाचं सेमिनार ऐकून आले आणि बदलूनच आले. सिल्वासाला बंद पडलेल्या एका बारमधली उंच टेबलं आणि उंच स्टुलं त्यांनी स्वस्तात उचलली. पाय ठेवायच्या कड्या गंजून पडल्या होत्या, म्हणूनच स्वस्त. त्याच टेम्पोत येताना तलासरीहून बेसिनच्या ओट्यासाठी विटा भरल्या. टेबलं एका ओळीत लावून त्यांच्याभोवती जमिनीपर्यंत फ्लेक्स बांधला: 'नवा बदल, नवी भरारी'. भिंतीवर दुसरा बोर्ड: 'तक्रार नको, साथ हवी.'

आणि तिसऱ्या दिवसापासून विटा कमी व्हायला लागल्या; बघता बघता निम्म्याच उरल्या.

"विटांचं मला काही नाही, रामनाथभाऊ," शेठ म्हणाले. "पण सेमिनारमध्ये सांगितलंय, बदलाला विरोध करणारा उघड बोलत नाही, आतून पोखरतो. तो माणूस मला शनिवारच्या आत पाहिजे."

भावोजींनी भिंग काढलं. एक वीट उचलली, हुंगली, डोळे मिटले. "तलासरीची!"

शेठ भारावून गेले. पाच मिनिटांपूर्वी ही माहिती त्यांनीच दिली होती, हे तिघांपैकी फक्त माझ्या लक्षात होतं.

"पहिली शक्यता, बोर्डीचा एखादा प्रतिस्पर्धी," भावोजी म्हणाले. "दुसरी, दारूची तस्करी. गुजरातची हद्द जवळ. विटांतून दारू पलीकडे जाते."

"भरीव विटेतून?" मी विचारलं.

"ते इतक्यात उघड करायचं नाही."

मग ते कामाच्या जागी गेले. टेबलांना फेरी मारताना फ्लेक्सखाली कशावर तरी त्यांचा अंगठा जोरात आपटला. ते एका पायावर नाचले, "जमीन समतल करून घ्या, शेठ," असं म्हणाले आणि तपास पुढे सुरू झाला. बायकांत चिमी सगळ्यांत बोलकी, म्हणून तिला आधी गाठलं.

"विटा चोरून बाहेर नेताना कोणाला पाहिलंस?"

"बाहेर? नाय बा. बाहेर कशाला नेल कोण?"

"मग तुम्ही सगळ्या एवढ्या खुशीत कशा?"

"आता बरं हाय ना. पहिले दोन दिस पाय लय दुखले."

भावोजी गर्रकन माझ्याकडे वळले. "पाय दुखले! विटा वाहून!"

त्यानंतर त्यांना कोणीतरी सांगितलं की या बायकांपैकी जिवलीचं घरकुल मंजूर झालंय, घर अर्धं बांधून झालंय. झालं! अर्धं घर आणि अर्ध्या विटा, यापेक्षा सरळ हिशेब भावोजींना आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी सगळ्यांसमोर तिच्याकडे बोट केलं. "हीच ती चोर!"

"अवो, विटा तर हितं..." जिवली बोलायला गेली.

"आरोपीने मध्ये बोलायचं नसतं."

बाकीच्या बायका एकदम कालवा करायला लागल्या, तर शेठनी भिंतीवरच्या बोर्डाकडे हात केला. तक्रार नको. जिवलीने डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढली, घडी करून टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन निघून गेली. मला फार वाईट वाटलं. तिचं उरलेलं घर याच मजुरीतून उभं राहणार होतं, आणि चोर म्हणून कामावरून काढलेल्या बाईला आमच्याकडे दुसरीकडे कोणी ठेवत नाही. भावोजी मात्र परतताना रिक्षात शीळ घालत होते.

शुक्रवारी आम्ही बिल घेऊन गेलो. एक हात कमी पडला म्हणून शेठच्या बायको, विनितावहिनी, चिकू सोलायला आल्या होत्या. त्या जिवलीच्या स्टुलावर चढल्या आणि म्हणाल्या, "अहो, पायाखाली वीट ठेवायची कल्पना कोणाची? छान आहे हं. नाहीतर पाय नुसते लोंबकळले असते."

शेठनी फ्लेक्स वर केला. प्रत्येक स्टुलापुढे विटा होत्या. काहींना गोणपाटही गुंडाळलं होतं.

"त्याच टेम्पोतनं आल्या ना," चिमी म्हणाली. "आमाला वाटलं, स्टुलासंगतीच दिल्यात."

भावोजी म्हणाले, "मला संशय होताच." वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बिल खिशातच ठेवलं.

शेठ, भावोजी आणि मी तसेच रानशेतला जिवलीच्या घरी गेलो. जिवली घराच्या भिंतीवर पाणी मारत होती. भिंत सिमेंटच्या ब्लॉकची होती. संपूर्ण घरात लाल वीट औषधालाही नव्हती. भावोजींनी सवयीने भिंग काढलं, भिंतीकडे पाहिलं आणि गुपचूप परत ठेवलं.

"चूक झाली, जिवली," शेठ म्हणाले. "उद्यापासून ये."

"चोर सगळ्यांसमोर म्हनलात," ती म्हणाली. "आन चूक झाली ते हितं एकटीला सांगता?"

सेमिनारमध्ये हा मुद्दा आला नसावा.

शनिवारी सकाळी सगळ्या बायका जमल्या. (ऑर्डर मिळाली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.) शेठनी स्वतःच्या हाताने 'तक्रार नको'चा बोर्ड उतरवला आणि विचारलं, "अजून काय अडचण आहे?" त्याची उत्तरं संपेपर्यंत चहा दोनदा करावा लागला. टेबलं गोलात लागली, बायका पूर्वी बसायच्या तशी, आणि टेबलांचे नि स्टुलांचे पाय कापायला सुतार बोलवायचं ठरलं.

जिवली मात्र दारातच उभी होती. शेठनी सर्वांसमोर तिची माफी मागितली. तरी ती हलली नाही. ती भावोजींकडे बघत होती.

भावोजी पुढे झाले, घसा खाकरला. आता तिसरी शक्यता निघणार, या भीतीने मी डोळे मिटले.

"माझा तपास पूर्ण झालाय," ते म्हणाले. "जिवलीबाई निर्दोष आहेत. पण एका कष्टाळू बाईवर खोटा आळ घेणारा गुन्हेगार मला सापडलाय." एरवी खणखणीत असलेला त्यांचा आवाज जरा बसला होता. "तो मीच."

जिवली आत आली, टोपी घातली आणि आपल्या स्टुलावर चढली.

"चला," चिमी चिकूला हात घालत म्हणाली, "एक तरी पकडला."