सिस्टरची हळद आणि माझी बाटली

आमच्या गल्लीतल्या कांता सिस्टर कुठलीही नवी वस्तू आधी कानामागं लावून बघतात. साबण, मेंदी, होळीचा रंग, काहीही. घराला रंग द्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी सांगितलं होतं, "याचा एक ठिपका माह्या कानामागं लाव बरं. मले रोज याच भिंतीले टेकून बसा लागते." तो बिचारा ब्रश हातात धरून शिडीवरच बसून राहिला.

सरकारी दवाखान्यातली नोकरी संपली, सवय संपली नाही. घरात एकट्याच. रस्त्यात कुणाही पोरीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवतात. "काय फासून राह्यली व? निंबू? निंबू वरनात पिळ. हे तोंड हाय." त्यांचा सल्ला ठरलेला : सौम्य साबण, साधी क्रीम, उन्हात ओढणी, आणि डाग हटत नसेल तर कातडीचा डॉक्टर. "कातडी आपली आपन काम करते. तिच्यामागं मुकादमासारखं नोको लागू."

गल्लीत लग्न निघालं की हळद सिस्टरच्या घरची. हळकुंडं निवडून, घरी दळून, आदल्या दिवशी नवरीच्या कानामागं लावून पाहिलेली.

आता माझं सांगते. सिस्टरच्या घरासमोर माझं पार्लर आहे. दोन वर्षांपूर्वी ते नवीन होतं. दोन दिवसांचा क्लास आणि भिंतीवर सर्टिफिकेट, एवढंच भांडवल. गल्लीतल्या मंगलावहिनींची मोठी मुलगी शीतल लग्नाच्या आधी आईला न सांगता आली. "काकू, चेहरा उजळून द्या ना." मी फोनवरून पीलची, म्हणजे चेहऱ्याची वरची कातडी सोलून काढणाऱ्या औषधाची, बाटली मागवली होती. फक्त डॉक्टरांनी वापरायची, असं तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

"काकू, जळजळून राह्यलं."

"म्हणजे काम करतंय," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी त्या सोललेल्या चेहऱ्यावर बायकांनी हळद चोळली. संध्याकाळी चेहरा लालबुंद, गालावर फोड. पुढे काळे डाग पडले. मंगलावहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सिस्टरच्या हळदीतच काहीतरी होतं." मग सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. पार्लरवाली मी, मलाच कळणार. मी म्हटलं, "असेल."

एवढा एकच शब्द. त्यानंतर गल्लीत पाकिटातली हळद आली. सिस्टरना कुणी बोलावलं नाही.

बाटली मी त्याच आठवड्यात फेकली. शीतलनं बुलढाण्याच्या डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, पण आईच्या धाकानं घरी गप्पच राहिली. त्यांचा उपाय एवढाच : साधी क्रीम, उन्हापासून जपणं आणि वेळ. गेल्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हा चेहरा स्वच्छ होता. ती गेल्यावर पार्लरचं शटर ओढून मी पोटभर रडले. दुसऱ्याच दिवशी तिची धाकटी बहीण पायल, तिचंही लग्न ठरलेलं, दारात येऊन म्हणाली, "काकू, ताई लग्नाआधी गुपचूप तुमच्याकडं आली होती, मले ठाऊक हाय. मलेही तसंच उजळून द्या."

तिला परत पाठवलं आणि मंगलावहिनींना सगळं सांगितलं. "दोन वर्षं मूग गिळून बसली व तू?" अजून बरंच बोलल्या. मग मला दंडाला धरून सिस्टरकडे घेऊन गेल्या.

सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. "मले ठाऊक होतं. गाल सोलले होते, हळद लावून पाह्यली त्या कानामागं काहीच नव्हतं."

"मंग बोलल्या काऊन नाही?" वहिनींनी विचारलं.

"पोरगी बोहल्यावर चढाची होती. भांडत बसू का तिले पाह्यू? अन् हिचं दुकान नवं." मग माझ्याकडे वळल्या. "पन तू येत जाची होती व. निदान चहा तरी झाला असता."

वहिनींनीच विषय काढला, "पायलची हळद तुम्हीच द्या."

"आता होत नाही माह्यानं दळनं," सिस्टर तुटकपणे म्हणाल्या आणि मला साखर आणायला आत पाठवलं.

फळीवर कडांना हळद लागलेल्या छोट्या डब्यांची रांग होती. दवाखान्यातली चिकटपट्टी लावून प्रत्येकावर नाव : रूपाली, कोमल, आरती. दोन वर्षांत गल्लीत लग्न झालेली प्रत्येक पोरगी. झाकणं कधी उघडलेली दिसत नव्हती. शेवटच्या डब्यावरची पट्टी अजून पांढरी होती. तिच्यावर लिहिलं होतं, पायल.

"साखर डावीकडं हाय व," बाहेरून सिस्टर ओरडल्या, "तिकडं काय पाहून राह्यली?"