खाजेची पाटी

"चाळीस वर्षं मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवले मी! मांजराची खाज म्हणजे काय मोठं?" घड्याळकाका छाती फुगवून म्हणाले, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

ठकी ही खरं तर काकूंची मांजर. काकू गेल्या वर्षी गेल्या. तीन खोल्यांत उरले दोघंच: घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि त्यांना भाडेकरू समजणारी ठकी. "तिच्याकडे बघा हो," एवढंच काकूंनी शेवटी सांगितलं होतं. त्यामुळे खाजवून खाजवून ठकीच्या मानेवरचे केस गेले, तेव्हा काकांनी बाह्या सरसावल्या.

पहिला उपाय आंघोळ! ठकी बादलीत जायच्या आधी काकाच नखशिखांत भिजले.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी!"

ठकीनं त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आपलं मत लिहून दिलं आणि ती कपाटावर जाऊन बसली. खाज दुप्पट झाली. शेवटी नाक मुठीत धरून काका प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"पिसवा नाहीत. खाण्याची ॲलर्जी असेल," त्या म्हणाल्या. "आठ आठवडे फक्त हे एकच खाणं. दुसरा कणही नको!"

तीन आठवडे झाले तरी खाज हटेना. मग काकांनी भिंग बाजूला ठेवून नजर वर केली. घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक जण टेबलाखाली हात घालत होता! पोस्टमन बिस्किट देई, वरचा शिंपी चीज देई. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्या तर वाटीभर उकडलेला मासाच आणत.

"रिकाम्या हातानं कसं यायचं हो तिच्याकडे?" बाई म्हणाल्या.

तिच्याकडे! म्हणजे ही सगळी ये-जा आपल्यासाठी नव्हतीच तर. काकांना ते जरा लागलं.

त्यांनी दारावर पाटी लावली. घड्याळाला बांधायची चिठ्ठी ती, तिच्यावर जागा कितीशी असणार! त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'खाजेचा विकार आहे. कोणी खायला आणू नये. – घड्याळकाका.'

मांजर हा शब्द काही मावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून घंटा वाजेना. पोस्टमन पत्रं लांबूनच दाराखाली सरकवू लागला. दुरुस्तीला एक घड्याळ येईल तर शपथ! काका जिना उतरले की लोक भिंतीला पालीसारखे चिकटत. त्यांच्या हातांवरचे ठकीच्या नखांचे व्रण पाहून तर कुणाला शंकाच उरली नाही.

ठकी मात्र सुधारत होती. मानेवर मऊ लव आली. काका दिवसभर बंद पडलेली घड्याळं पुन्हा पुन्हा पुसत बसत, आणि बोलायला कुणी नाही म्हणून ठकीलाच वेळ सांगत.

एकदा शिंप्यानं वरच्या पायरीवरून, नाकाला रुमाल लावून विचारलं, "काका, खाज कशी आहे तुमची?"

"माझी?"

"पाटीवर तुमचंच नाव आहे की!"

काका तडक मागे फिरले. घरात जाऊन त्यांनी भला मोठा पुठ्ठा घेतला: 'खाज मांजराला होती. मला काही झालेलं नाही.'

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली! काकांनी घाईघाईनं केस सारखे केले आणि दार उघडलं. समोर बाई, हातात वाटी.

"ठकी आहे ना घरात?"

"आहे. पण तिला आता हे चालत नाही."

"अरेरे!" बाई वाटी घेऊन वळल्या.

"थांबा!" काका म्हणाले. "मला चालतं."

बाई आत येऊन खुर्चीवर बसल्या. काका समोर बसून मांजरासाठी उकडलेला तो मासा सावकाश, एकेक कण खाऊ लागले.

"मीठ नाही हो त्यात," बाई संकोचून म्हणाल्या.

"छे, छे! अगदी बेताचं पडलंय."