आसारामच्या डोळ्याची पार

"पडदा आणखी गढूळ झाला, तर लेझरनं त्याला छेद पाडू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आसारामनं झटकन डोळ्यावर हात धरला.

मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं. नवं भिंग ठणठणीत होतं. त्याच्यामागच्या पातळ पडद्यावर मात्र जाळं धरू लागलं होतं. बाईंनी त्या पडद्याचा फोटो काढला, यंत्रावर गढूळपणा मोजला आणि सांगितलं, "महिन्यानं पुन्हा मोजू. घाबरू नका आजोबा, दुखत नाही."

दुखण्याला कोण भितो! आसाराम कारध्याचा मासेमार. तळ्याच्या पारीला, म्हणजे मातीच्या बांधाला, उंदरानं एवढंसं बीळ पाडलं, की भरलेली बोडी सकाळपर्यंत कोरडी पडते, हे त्यानं पाहिलं होतं. आणि डोळा म्हणजे तरी काय? पाण्याचीच बोडी!

"भोक पाडलं का सारा डोया वाहून जाईन," घरी येताच तो बायकोला म्हणाला. "मी नाई जात."

"महिनाभर कायले थांबाचं जी? मीच मोजतो रोज," बायाबाई म्हणाली. "चुकले का चालले दवाखान्यात."

सकाळी ती टोपलीतला मासा उंच धरी आणि आसारामनं खाटेवरून तो ओळखायचा. त्याच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं. पण नाक शाबूत होतं. नदीपलीकडे भंडाऱ्याच्या बाजारात कोणी शिळा मासा काढला, तर इकडे कारध्यात याला शिंक येई, असं लोक सांगतात. लोक खोटं कशाला सांगतील?

"हा कोनता?"

"मरळ!"

"हा?"

"रोहू!"

"चुकले! कतला हाय."

"रोहूच हाय वो! नीट पाय!"

बायाबाईनं मासा पार डोळ्यांशी नेऊन उलटासुलटा केला. "असंन बापा," ती म्हणाली.

धुकं दाटत गेलं, तसा आसाराम आणखी ऐटीत उत्तरं देऊ लागला. एकदा दारात उभ्या असलेल्या शेजारच्या रेड्यालाच तो "राम राम, केवळरामभाऊ" म्हणाला. रेड्यानं मान हलवली, म्हणून निभावलं. पण बायाबाईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याची चप्पल माशांच्या टोपलीत घोळवली आणि उंच धरली.

"हा कोनता?"

आसारामनं नाक फुगवलं. "मरळ. चांगली किलोभराची."

"मंग घाला पायात न् चला दवाखान्यात!"

आसारामनं यंत्रावर हनुवटी टेकवली. डोळ्यातलं पाणी झेलायला त्यानं घरून लोटा आणवला होता. टक, टक, टक झालं, आणि गालावरून ओघळ उतरला.

"फुटली! पार फुटली! अवो, लोटा धर!"

"आसवं आहेत हो ती, आजोबा," बाई म्हणाल्या. "झालं सुद्धा. उठा."

घरी येईस्तोवर आसारामला पुलावरून नदीतली प्रत्येक डोंगी वेगळी दिसू लागली. भीती गेली आणि मिजास आली. सकाळी त्यानं टोपली स्वतःपुढे ओढली.

"आता मी मोजतो. हा कोनता?"

"रोहू," बायाबाई ताडकन बोलली.

आसारामनं हातातल्या कतल्याकडे पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडे. बाहुलीत पांढुरकं काहीतरी होतं. "काय वो, तुले बी दवाखान्यात..."

"मले काई नाई झालं! भात मांडाचा हाय मले!" म्हणत ती उठलीच.

दुसऱ्या दिवशी आसाराम जागा झाला, तेव्हा टोपली खाटेपाशी नव्हती. नव्या नजरेनं त्याला लांबूनच स्वच्छ दिसलं. चुलीमागे लपून, डोळे घट्ट मिटून, बायाबाई एकेक मासा नाकाशी धरत होती.