एका चार्जात तंजावर

"एका चार्जात तंजावर! मधे कोठ थांबणार नाहीं! थांबलो तर नाव बदलीन!"

विजयेंद्ररावांनी ही घोषणा फोनवर केली. पलीकडे त्यांचे चुलतभाऊ बालाजीराव होते. बालाजीराव आयुष्यभर तंजावर सोडून कुठं गेले नव्हते आणि जे गेले त्यांना त्यांनी कधी माफ केलं नव्हतं.

"ये की," बालाजीराव म्हणाले. "वाटेत विळुप्पुरमला माझा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडे चांगले बैल आहेत. सांगून ठेवूं?"

झालं! वैशाखात कुलदेवीच्या पूजेला सगळं गोत तंजावरला जमणार होतं. मधे गाडी बंद पडली, तर बैलांची ही गोष्ट बालाजीराव पुढल्या दोन पिढ्यांच्या लग्नपंगतींत रंगवून सांगणार, हे विजयेंद्ररावांना लख्ख दिसत होतं.

मद्रासजवळच्या आवडी गावी, रणगाड्यांच्या कारखान्यात विजयेंद्ररावांची हयात गेली. त्यांचं सारं यंत्रशास्त्र एका वाक्यात मावे : जे यंत्र गुरगुरतं ते खातं, जे गप्प बसतं ते उपाशी असतं. रणगाड्यांच्या बाबतीत हे तंतोतंत खरं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी घेतलेली विजेची मोटार मात्र कधीच गुरगुरत नसे. मद्रासमधल्या आदंबाक्कमच्या त्यांच्या इमारतीच्या तळघरात ती एखाद्या ध्यानस्थ म्हशीसारखी उभी असे.

चैत्र संपता संपता बेंगळुरूहून त्यांच्या मुलीचा, नित्याचा, फोन आला.

"अप्पा, गाडीला अपडेट आलाय. इकडूनच दाबला मी. आता गाडी तुमच्या सवयी शिकेल."

"सवयी मला आहेतच कोठल्या?" अप्पा म्हणाले.

त्यानंतर तो प्रकार सुरू झाला. सकाळी पडद्यावर उरलेल्या पल्ल्याचा आकडा चारशे वीस किलोमीटर. संध्याकाळी पाहावं तर तीनशे ऐंशी! दुसऱ्या दिवशी तीनशे चाळीस! गाडी जागची हललेली नाही, गुरगुरलेली नाही, आणि किलोमीटर मात्र कापराच्या वडीसारखे उडून चाललेले!

"अपडेट!" विजयेंद्ररावांनी निकाल दिला. "अपडेटनं बॅटरीला भोक पाडलं."

"दृष्ट लागली," चंद्रिकाबाई म्हणाल्या. त्या विजयेंद्ररावांच्या पत्नी, निवृत्त गणित-शिक्षिका. पण त्यांनी गाडीपुढे कोहळा फोडला. आकडा वीसनं आणखी उतरला.

"मग चोरी असेल," चंद्रिकाबाईंनी गणित बदललं. "गाडीला बाहेरून वीज घ्यायचं भोक आहे ना? कोणी तरी वायर लावून घेऊलाय."

दोघांचीही नजर शेजारच्या राममूर्तींच्या पार्किंगकडे गेली. राममूर्तींच्या घरी इडलीचं पीठ भारी मऊ असे. इतकं मऊ पीठ स्वतःच्या विजेवर निघणं शक्य आहे का?

"राममूर्ती, तुमचा ग्राइंडर कोठ असतो?" विजयेंद्ररावांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात! दुसरं कोठ असणार? झोपायच्या खोलीत?"

"खाली आणत नाहीं ना कधी?"

"अय्यो! दोन माणसं लागतात तो दगड उचलायला! काय सार, डोकं ठिकाणावर आहे ना?"

दुसऱ्या दिवशी राममूर्तींच्या घरून नेहमी येणारी चटणी आली नाही. तेवढ्यावरून चंद्रिकाबाईंचा संशय बळावला. त्यांनी दुपारच्या जेवणाआधी तळघरात जाऊन गाडीभोवती तांदळाच्या पिठाच्या रांगोळीचं भलंमोठं कोलम काढलं, चारी बाजूंनी, मुंगीलासुद्धा वळसा घालावा लागेल असं. चोराची पावलं उमटल्याशिवाय राहणार नव्हती.

"आणि तुम्ही पाळतीवर राहा," त्या म्हणाल्या. "नाही तरी रोज दुपारी तुम्ही खालीच असतां."

ते मात्र खरं होतं. डॉक्टरांनी विजयेंद्ररावांना रोज चालायला सांगितलं होतं. अग्निनक्षत्राच्या उन्हात मद्रासच्या रस्त्यावर कावळासुद्धा चालत नाही, म्हणून ते तळघरात फेऱ्या मारत. निदान तसं सांगून ते जात. फेऱ्या घातल्याच्या बक्षिसादाखल चंद्रिकाबाई त्यांना संध्याकाळी कॉफीत साखर घालू देत.

त्या दिवशीही ते खाली गेले. कोलम ओलांडलं, दार उघडलं, आणि पाळतीसाठी सोयीचं म्हणून सीटवर बसले. गाडीनं काचा काळ्या केल्या. गार वारा सुटला. पाठीखालची सीट हळूहळू मागे गेली, मागे गेली, आणि कंबर कोणी तरी मायेनं चेपू लागलं. (अपडेटनंतर गाडी जरा प्रेमळ झालीय, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. पूर्वी अर्ध्या तासात गार वारा बंद व्हायचा, आता माणूस आत आहे तोवर बिचारी जागी राहते!) कुठून तरी लाटांचा आवाज येऊ लागला.

आणि रोजच्यासारखा रस्ता सुरू झाला.

काय तो रस्ता! दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं, वर फांद्यांनी फांद्यांचे हात धरलेले, आणि खाली हिरवी सावली वाहतेय. गाडीला चाकं आहेत की नाहीत कळत नाही. भातखाचरांत आभाळ पडलंय, आणि त्या आभाळातून बगळे चालतायत. कोळ्ळिडम नदीची वाळू उन्हात झोपलीय. पुलावरून खाली पाहिलं तर कावेरीत कोणी बाई लुगडं धुतेय. ती मान वर करून विचारते, "आलांत? एका चार्जात?" विजयेंद्रराव नुसते हसतात. दूर देवळाचं शिखर दिसतं, त्याखाली बालाजीराव उभे असतात, आणि त्यांच्या हातात एक मोकळा कासरा असतो. बैल नसलेला!

जाग आली तेव्हा तोंडातून गळलेली लाळ कॉलरपर्यंत पोचली होती. आकडा आणखी चाळीसनं उतरलेला!

उतरून त्यांनी फोन केला, तशा चंद्रिकाबाई धावत खाली आल्या. वाकून कोलम पाहिलं. गाडीपर्यंत जाऊन परतलेली एकाच माणसाची पावलं.

"ही कोणाची?"

"माझीच की!"

"दुसऱ्या कोणाची नाहींत?"

"एकाचीही नाही! मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो! चंद्रिका, चोर जमिनीवरून येतच नाही. हवेतून येतो. अपडेट!"

शनिवारी दोघं गिंडीच्या सर्व्हिस सेंटरवर जाऊन थडकले. तिथं रुचा नावाची इंजिनियर होती. चाकणच्या कारखान्यातून नुकती बदलून आलेली. विजयेंद्ररावांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरली आणि पुढं कावेरीच्या पाण्यावरच वाढली. ती ऐकून रुचाचा हात नकळत नमस्कारासाठी वर गेला.

"अम्मा, ऐक. गाडी उभी असते. गप्प असते. तरी खाऊली आहे! तुमच्या अपडेटनं माझे किलोमीटर गिळले. पुढल्या आठवड्यात मला तंजावरला जायचं आहे, एका चार्जात! तेथ अब्रूचा प्रश्न आहे!"

"काका, बॅटरी तर ठणठणीत दाखवतेय. दुपारी गाडीत कोणी बसतं का?"

"छे! दुपारी मी फेऱ्या मारतो."

"रोज," चंद्रिकाबाईंनी साक्ष दिली. "घाम निथळत नाहीं, पण थकून येतात बिचारे. डोळे लाल होतात."

"बघते," म्हणून रुचा ड्रायव्हरच्या जागी बसली आणि तिनं दार लावलं. दुपारचे अडीच वाजले होते.

गाडी ओळखीचं हसली. म्हणजे पडदा उजळला, आणि गोड बायकी आवाजात सगळ्या सर्व्हिस सेंटरला ऐकू जाईल असं बोलली :

"गुड आफ्टरनून, विजयेंद्र. नेहमीची झोप सुरू करते."

काचा काळ्या झाल्या. सीट मागे जाऊ लागली. रुचाचं डोकं खिडकीतून हळूहळू मावळलं, सूर्यासारखं. आतून लाटांचा आवाज आला. मग रुचाचाही. "काका! ही मला चेपतेय!"

चंद्रिकाबाईंनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. गणिताच्या बाई होत्या. उत्तर आल्यावर त्या कधीच बोलत नसत.

रुचा केस सावरत बाहेर आली. "काका, गाडी हलत नसली तरी एसी, सीट, गाणी सगळं त्याच बॅटरीवर चालतं. अपडेटनंतर ती तुम्ही उठेपर्यंत ते बंदच करत नाही. तुम्ही आतापर्यंत झोपेत तंजावरला जाऊन, परत येऊन, पुन्हा कुंभकोणमपर्यंत पोचला असाल."

"पोचतोच मी," विजयेंद्रराव हळूच म्हणाले. "रोज."

"आणि साखरेची कॉफी?" चंद्रिकाबाईंनी विचारलं. तो प्रश्न नव्हता.

प्रवासाच्या दिवशी पहाटेच आकडा चारशे वीसवर होता. किल्ली चंद्रिकाबाईंकडे होती. त्यांना लायसन पहिल्या फटक्यात मिळालं होतं, विजयेंद्ररावांना तिसऱ्या. "बॅटरी तुमच्या हाती देणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. एसी बंद, काचा खाली, वेग बेताचा. मागच्या सीटवर ताकाची बाटली आणि विजयेंद्रराव. वारा भुरुभुरु लागत होता. आज खराखुरा रस्ता! आज डोळे टक्क उघडे ठेवायचे! चेंगलपट्टूचं तळं त्यांनी पाहिलं. मग पापणी जरा टेकवली.

"उठा. आलं."

"काय आलं? विळुप्पुरम?"

"तंजावर."

"आणि कोळ्ळिडम? कावेरी?"

"केव्हाच गेल्या. तुम्ही घोरत होतां."

पडद्यावर पंचावन्न किलोमीटर शिल्लक होते. एका चार्जात! बालाजीराव दारातच उभे होते. हातात कासरा नव्हता. तोंड मात्र बैल हरवल्यासारखं झालं होतं.

पंगतीत विजयेंद्रराव असे काही फुलले की विचारू नका! "काय तो रस्ता, बालाजी! कोळ्ळिडमच्या अलीकडे दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं, वर कशी कमान झालेली! खाली हिरवी सावली! गाडी कशी पाण्यासारखी जाऊली होती!"

सगळी पंगत हात थांबवून ऐकत होती. बालाजीरावांनी सांबाराचा भुरका मारला.

"चिंचा? रस्ता रुंद केला तेव्हाच तोडल्या की रे सगळ्या. आता सावलीला एक खांब नाहीं."

चंद्रिकाबाई वाढत होत्या. त्यांनी मान वर न करता नवऱ्याच्या पानात आणखी एक डाव दहीभात घातला.

"ह्यांच्या रस्त्यावर आहेत अजून," त्या म्हणाल्या.

विजयेंद्ररावांनी खाली मान घालून दहीभात संपवला, हात धुतले, पंच्याला पुसले. दोन वाजत आले होते. मग अगदी सहज सुचल्यासारखं त्यांनी विचारलं, "गाडी सावलीत लावली आहे ना?"

चंद्रिकाबाईंनी किल्ली कमरेला खोचली.