पुंजाजींचं बोकड

"कारंज्यात मटन कुठं खावं, हे मले सांगनारा अजून जन्माले यायचा हाय!"

मेडशीहून निघालेल्या एसटीत पुंजाजींनी हे इतक्या मोठ्यानं जाहीर केलं, की पुढच्या सीटवरच्या बाईनं आपली कोंबडी पदराखाली घेतली.

पुंजाजी मेडशीत बावीस वर्षं सोयाबीन पिकवत होते, पण गावात नाव झालं ते जिभेमुळं. रश्शाचा एक घोट घेतला की बोकड कोणत्या बांधावर चरलं ते सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. ती पसरवायचं काम ते स्वतःच करत.

आजचं काम मात्र नाजूक होतं. त्यांची सायली कारंज्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिथल्याच औषधाच्या दुकानातला आदर्श तिला आवडला होता. पोरापोरीचं ठरलंच होतं, बापांचं ठरायचं होतं. धनजहून आदर्शचे वडील देवानंद बोलणीला येणार होते. पुंजाजींनी फोनवर खानावळीची खूण सांगून ठेवली होती.

"पोट भरलं का मानूस नाई म्हनत नाई," पुंजाजींनी बायकोला, गोजराबाईंना, बेत समजावला. "असं बोकड खाऊ घालतो का इवाई हात धुवाच्या आधी तारीख काढतीन!"

"पन ते खातात का, इचारलं का तुमी?"

"धनजचा गडी हाय. इचाराचं काय त्याच्यात?"

कारंज्यात उतरल्यावर पुंजाजी मोठ्या ऐटीत गल्लीबोळातून निघाले. खानावळीचं मागचं दार त्यांना ठाऊक होतं ना! आठ वर्षांपूर्वी ते तिथंच जेवले होते. या आठ वर्षांत ती खानावळ बंद पडली, जागा संगीता नावाच्या बाईंनी घेतली आणि पुढच्या दारावर 'हिरवी चूल : दूध, अंडं, मांस काहीच नाही' अशी हातभर पाटी लागली. मागच्या दारावर पाटी नव्हती.

आत सहाच टेबलं, पण एकही रिकामं नाही. एक गुरुजी डोळे मिटून ज्वारीची आंबील पीत होते. दोन पोरी नाचणीच्या डोशासाठी भांडत होत्या. खसखस-खोबऱ्याचा असा खमंग वास सुटला होता, की पुंजाजींच्या नाकपुड्या बैलासारख्या फुलल्या.

"रंग पालटला वाट्टे हाटेलाचा," गोजराबाई पुटपुटल्या.

"वास तोच हाय ना? मंग बस!"

टेबल रिकामं होताच दोघं बसली. संगीताबाई हसत आल्या. "काय देऊ, काका?"

"तुमचा नामी रस्सा अन् भाकर. झनझनीत पाह्यजे. अन् पाव्हने येऊन राह्यले, तं हाडाचं देऊ नोका."

"हाडं?" बाई हसल्या. "काका, आमच्या रश्शात हाडं राहतच नाईत!"

"पाह्य!" पुंजाजी बायकोकडं वळले. "बिनहाडाचं! याले म्हन्तात सुधारना!"

तेवढ्यात देवानंद पुढच्या दारानं आत आले. पांढरा सदरा, गळ्याला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा, बोलणं मोजकं. पाटी वाचून त्यांचा ऊर भरून आला होता. पुंजाजींचे हात धरून ते म्हणाले, "तुमी माह्या मनातलं वयखलं, भाऊ."

"वयखतोच मी!" कशाबद्दल ते न विचारताच पुंजाजी म्हणाले.

रस्सा आला. वर लाल तर्री, खाली लुसलुशीत तुकडे. पहिल्या घासाला देवानंदांच्या कपाळावर घाम आला, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. तिसऱ्या वाटीला त्यांनी विचारलं, "लगन दिवाळीनंतर धरू का?"

गोजराबाईंनी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. इथं पुंजाजी गप्प बसते, तर गोष्टच संपली असती! पण ते खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "काय इवाई, असं बोकड धनजले भेटते का?"

देवानंदांचा घास हातातच राहिला. "बोकड?"

"कवळं! सात-आठ महिन्यांचं. डोंगरावर चरलेलं."

देवानंदांनी दुपट्टा सोडला. गळ्यात तुळशीची माळ! "अकरा वर्सं झाली, भाऊ! अकरा वर्सं एकादशीले कांद्यालेसुदा शिवलो नाई मी!"

ते ताडकन उठून बेसिनकडं धावले आणि अशा चुळा भरू लागले, जणू विहिरीवर मोटार सुरू झाली. गुरुजींनी आंबील खाली ठेवली. संगीताबाई धावत आल्या.

"अहो दादा, इथं अंडंसुदा येत नाई! ते सोयाबीन हाय!"

दुसरा कोणी असता तर त्यानं देवाचे आभार मानले असते. पण पुंजाजींच्या जिभेच्या इज्जतीचा प्रश्न होता!

"मले शिकवता, बाई?" ते कडाडले. "हे बोकडच हाय! कोनाचीबी शपत घेतो!"

"अवं, चूप बसा ना!" गोजराबाईंनी टेबलाखालून असा चिमटा काढला, की ताटली वाजली.

"कायले चूप? खोटं बोलू का मी?"

संगीताबाई शहाण्या. त्या वाद न घालता सगळ्यांना आत घेऊन गेल्या. आत चकचकीत कढया, डब्यांवर नावं. सोयाबीनचं दूध काढून, ते फाडून, फडक्यात बांधून दगडाखाली दाबलेली पांढरी वडी त्यांनी दाखवली. रात्रभर बर्फात ठेवायची, मग पिळून तळायची, की चावायला अगदी मटणासारखी लागते. त्यांनी सगळ्यांसमोर एक तुकडा तळून रश्शात टाकला आणि पुंजाजींना दिला.

पुंजाजींनी चावला. पुन्हा चावला. कोपऱ्यातल्या पोत्याकडं बोट करून हळूच विचारलं, "कुठलं हाय हे सोयाबीन?"

"मेडशीचं."

बावीस वर्षं ज्यानं पोती भरभरून बाजाराला घातली, त्यानं त्यातला दाणा आज पहिल्यांदा तोंडात घातला होता! पुंजाजींनी संगीताबाईंना दोन्ही हात जोडले. "माय, मी नुस्तं पिकोलं. सोनं तं तुमी केलं. हरलो मी!"

देवानंद तोंड पुसत पुढं आले. सोयरीक मोडलीच, असं समजून गोजराबाईंनी डोळे मिटले.

"भाऊ," देवानंद म्हणाले, "जुळत आलेली सोयरीक मोडून राह्यली होती, तरी तुमी खोटं बोलले नाईत. चुकीचं बोलले, पन खोटं नाई! अन् चूक कळल्यावर हातबी जोडले. असं घर मले पाह्यजे." मग संगीताबाईंकडं वळून म्हणाले, "बाई, अजून एक वाटी."

निघताना संगीताबाईंनी गिऱ्हाइकांच्या अभिप्रायाची वही पुढं केली. पुंजाजींनी हात लांबवला, पण गोजराबाईंनी वही आधी ओढली आणि सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं :

'जेवन लय भारी. आमच्या ह्यांले इथं फक्त घास घालाले तोंड उघडू द्यावं.'

देवानंदांनी ते दोनदा वाचलं, खिशातला पेन काढला आणि खाली लिहिलं : 'साक्षीदार : देवानंद, मुलाचे वडील.'

सोयरीक पक्की झाल्याचा पहिला लेखी पुरावा तो हाच.